युवा संघातून वरिष्ठ संघात जाताना मुले नेमकी कुठे अडकतात?

मिरजेचा_मामा

नमस्कार. माझा भाचा नुकताच एकोणिसाव्या वर्षात आला. तेराव्या वर्षी घर सोडून तो एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या निवासी अकादमीत दाखल झाला. क्लबचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याचे भवितव्य अजून त्यांच्याच हातात आहे. पंधरा आणि सतरा वर्षांखालील संघांत तो आघाडीपटूच्या मागे, ज्याला आपण ‘दहा नंबर’ म्हणतो त्या जागी, सलग खेळला आणि दोन हंगाम कर्णधारही होता. गेल्या जुलैत वरिष्ठ संघाबरोबर सरावाला बोलावणे आले, तीन वर्षांचा करार झाला आणि आमच्या ताईने गल्लीभर पेढे वाटले.

त्यानंतर आजपर्यंत वरिष्ठ संघाच्या एकाही अधिकृत सामन्यात तो मैदानावर उतरलेला नाही. चार वेळा बाकावर बसला, तेवढेच. त्यात भर म्हणजे युवा संघाच्या सामन्यांतही आता त्याला क्वचितच घेतात, कारण कागदोपत्री तो ‘वरिष्ठांचा’ झाला आहे.

दिवाळीत घरी आला तेव्हा जिन्यावर बसून तो बूट पुसत होता. पूर्वी चार महिन्यांत त्याच्या बुटांचे स्टड झिजून सपाट व्हायचे आणि नव्या जोडासाठी फोन यायचा. या वेळी बूट जवळजवळ कोरे होते. मी सहज विचारले तर म्हणाला, “मामा, सरावात रोंडो खेळतात ना, त्यात मी बहुतेक वेळ मधेच असतो.” ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : खेळाडू गोल करून उभे राहतात, एका स्पर्शात चेंडू फिरवतात आणि मधले एक-दोघे तो अडवायला धावतात, ज्याचा पास चुकतो तो मधे जातो. सतरा वर्षांखालील संघात हाच मुलगा मधे गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

भावजी म्हणतात की आता पदवी पुरी कर, ताई म्हणते की करार आहे तोवर थांब. मला विचारायचे आहे ते असे की, ही अवस्था सगळ्यांच्याच वाट्याला येते का, ती किती काळ सोसावी आणि क्लबकडे जाऊन आम्ही नेमके काय विचारावे? जाणकारांनी स्पष्ट लिहावे, धीर देण्यासाठी लिहू नये.

शिट्टी_आणि_वही

मामा, मी बारा-तेरा वर्षे मुलांना शिकवतो आहे, त्यामुळे आपण वर्णिलेला मुलगा मला दर हंगामात एकदा तरी भेटतो. तो रोंडोत मधे जातो याचे मला आश्चर्य वाटत नाही. युवा फुटबॉलमध्ये चेंडू पायात आल्यावर वर पाहायला आणि ठरवायला वेळ मिळतो, तर वरिष्ठांमध्ये चेंडू येण्याआधीच ठरलेले असावे लागते. ही सवय सरावाने काही अंशी लागते, पण पक्की होते ती सामन्यातच, जिथे चुकल्यावर गोल खावा लागतो आणि गोलरक्षक सगळ्यांसमोर नाव घेऊन ओरडतो.

आपल्याला अप्रिय वाटेल असे एक निरीक्षण नोंदवतो. पंधराव्या वर्षी जे मुलगे मैदान गाजवतात, त्यांतले बरेच जण वयाच्या मानाने लवकर वाढलेले असतात. वयोगटाची मोजणी जानेवारीपासून होत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे चार बोटे उंची आणि दहा किलो वजन असू शकते. असा मुलगा अंगाच्या बळावर निसटून जायला शिकतो. पुढे सगळेच वाढतात, ते बळ समसमान होते आणि ज्या युक्त्या त्याला कधी शिकाव्याच लागल्या नाहीत त्यांची उणीव एकदम उघडी पडते. उलट जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडेने अंगकाठी लहान म्हणून सोडले होते. पुढे तो खालच्या गटांतून वर येत २०१६ मध्ये लेस्टरबरोबर प्रीमियर लीगचा विजेता झाला. आपला भाचा यांपैकी कोणत्या गटातला, ते जुने छायाचित्र काढून, संघात तो इतरांच्या तुलनेत केवढा दिसतो हे पाहिल्यास कळेल.

दुसरी गोष्ट जागेची. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालत असत, २०१७-१८ पासून पाच झाले आणि २०२१-२२ पासून चार. संख्या घटली तरी क्लब हे परदेशी खेळाडू कुठे वापरतात ते पाहा : आघाडीपटू, मध्यवर्ती बचावपटू आणि नेमका आपल्या भाच्याचा ‘दहा नंबर’. भारतीय तरुणाला दार उघडे असते ते बहुधा कडेला, म्हणजे विंगवर किंवा फुल बॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, जागी. आकाश मिश्रा डावा बॅक म्हणून हैदराबादच्या संघात आला, २०२१-२२ मध्ये त्या संघाने आयएसएल जिंकली तेव्हा तो नियमित खेळत होता, आणि त्या वेळी त्याचे वय जेमतेम वीस होते. नियमाने संघात ठरावीक ‘डेव्हलपमेंट’, म्हणजे घडत असलेले तरुण, खेळाडू ठेवावे लागतात, पण नियम त्याला बाकापर्यंत नेतो. बाकावरून उठवण्याची सक्ती कोणावर नाही. भाच्याचे ते चार सामने बहुधा याच हिशेबात आले असावेत.

आता २०१७ च्या तुकडीविषयी लिहितो, कारण आपल्याकडे हा प्रश्न सोडवण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न तिच्या बाबतीत झाला असे माझे मत आहे. सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपण तिन्ही सामने हरलो : अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. जॅक्सन सिंगने ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर डोक्याने मारलेला गोल, म्हणजे फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल, एवढीच कमाई. पण भारतीय फुटबॉल महासंघाने ती मुले घरी पाठवली नाहीत. इंडियन अ‍ॅरोज या नावाने त्यांचा संघ त्याच हंगामात आय-लीग या आयएसएलच्या आधीपासूनच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले, त्यांत आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे दोन गोल होते. पुढे हंगामभर मार खाऊन संघ तळाला राहिला, पण पदावनती, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरणे, त्यांना लागू नव्हती, त्यामुळे प्रशिक्षकाला निकालाच्या भीतीने मुलांना बसवावे लागले नाही. सतरा-अठरा वर्षांची मुले आठवड्याला तिशीतल्या बचावपटूंशी झुंजत होती. जॅक्सन, सुरेश वांगजम, अपुइया, अन्वर अली, रहीम अली ही पुढे आयएसएल आणि राष्ट्रीय संघात दिसलेली नावे त्याच तुकडीतली आहेत. २०२२ मध्ये महासंघाने हा संघ बंद केला. त्या जागी युवा लीग वाढवण्याचे धोरण आले, पण समवयस्कांशी खेळलेला सामना आणि प्रौढांशी खेळलेला सामना यांत जो फरक आहे तो त्याने भरून निघत नाही.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : अवस्था सार्वत्रिक आहे, पण वर्षभर एकही मिनिट न खेळणे हे सोसण्यासारखे नाही.

फोंड्याचा_वाचक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. गोव्याकडची एक बाजू जोडतो.

लिस्टन कुलासो आज सर्वांना माहीत आहे. मार्च २०१७ मध्ये संतोष करंडक ही राज्यांच्या संघांची स्पर्धा गोव्यात झाली, आम्ही अंतिम सामन्यात बंगालकडून एका गोलने हरलो, आणि त्या स्पर्धेत या पोराने बॉक्सच्या बाहेरून चेंडू उजवीकडे घेऊन जे फटके मारले ते पाहून माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त शिक्षक खुर्चीवर उभे राहिले होते. त्यानंतर तो एफसी गोवात गेला. सगळ्यांना वाटले, झाले आता. पण तिथे आघाडीला कोरोमिनाससारखे खेळाडू होते आणि लिस्टनच्या वाट्याला शेवटची काही मिनिटे यायची. २०२० च्या जानेवारीत तो हैदराबादला गेला, पुढच्या हंगामात प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला खेळवले, आणि २०२१ मध्ये एटीके मोहन बागानने मोठी रक्कम मोजून त्याला नेले. त्या वर्षभरात त्याच्या फटक्यात काय फरक पडला होता? माझ्या मते काहीही नाही. फक्त त्याला नव्वद मिनिटे मिळू लागली.

दुसरीकडे सेव्हियर गामा आणि लिअँडर डिकुन्हा हे एफसी गोवाच्याच डेव्हलपमेंट संघातून वर आले, कारण तो संघ गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळतो आणि तिथे समोर धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंगसारख्या जुन्या क्लबांचे पोक्त खेळाडू असतात. म्हणजे अ‍ॅरोजचे जे काम वर सांगितले आहे, ते आमच्याकडे राज्याची लीग थोड्याफार प्रमाणात करते.

आपल्या महाराष्ट्रात हा मधला जिना कसा मोडला ते पाहिले की वाईट वाटते. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पुणे एफसी २०१५ मध्ये, मुंबई एफसी २०१७ मध्ये, आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. यांतला प्रत्येक क्लब वर्षाला पंचवीस-तीस जणांना पगार देत होता, त्यांत पाच-सहा तरी स्थानिक पोरे असत. पहिल्या क्लबाने बसवले तर दुसऱ्याकडे जाता येत असे. आता मुंबईत एक मोठा क्लब आहे आणि त्याच्या खाली पाहिले तर एकदम खोल. आमचे धेंपोवाले २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले होते ते २०२४-२५ ला परतले, त्यामुळे निदान आमच्याकडे एक पायरी पुन्हा बसली आहे. मामा, भाच्याला गोव्यात लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, पाठवण्याचा विषय क्लबपुढे काढून पाहा. जेवणाखाण्याची आबाळ होणार नाही, एवढे मी सांगतो.

नेकारकाठ

मी गेली अकरा वर्षे श्टुटगार्टमध्ये राहतो. (हे शहर मुंबईचे भगिनीशहर आहे, ही गोष्ट इथल्या मुंबईकरांनाही सहसा ठाऊक नसते.) इथली व्यवस्था सांगतो, कारण आपला प्रश्न इथेही आहे, फक्त त्यासाठी वेगळी खोली बांधून ठेवलेली आहे.

जर्मनीत मोठ्या क्लबांचे दुसरे संघ नेहमीच्या लीगच्या उतरंडीत खेळतात. व्हीएफबी श्टुटगार्टचा दुसरा संघ २०२४ मध्ये चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत गेला. या संघांत प्रामुख्याने तेवीस वर्षांखालील मुले असतात, आणि त्यांच्यासमोर उभा असतो तो दिवसा नोकरी करणारा किंवा दुसऱ्या श्रेणीतून उतरलेला चौतीस वर्षांचा बचावपटू, ज्याला या मुलाच्या उज्ज्वल भवितव्याशी काहीही देणेघेणे नसते. मी एकदा शनिवारी दुपारी असा सामना पाहायला गेलो होतो. एकोणीस वर्षांचा एक चपळ विंगर पहिल्या वीस मिनिटांत तीनदा त्याच बॅककडून खांद्याने ढकलला जाऊन जाहिरातीच्या फलकापर्यंत गेला. चौथ्या वेळी त्याने चेंडू येण्याआधीच मागे वळून पाहिले, अंग आडवे घातले आणि चेंडू दूरच्या पायावर घेतला. त्याला कोणी ओरडून हे सांगितले नव्हते.

हे दुसरे संघ तिसऱ्या श्रेणीच्या वर जाऊ शकत नाहीत. बायर्न म्युनिकचा दुसरा संघ २०१९-२० मध्ये तिसरी श्रेणी जिंकूनही तिथेच राहिला, आणि त्यावर कोणी अश्रू ढाळले नाहीत, कारण त्या संघाचे काम वेगळे आहे. थॉमस म्युलर २००८-०९ चा हंगाम तिथे हेर्मान गेरलांड यांच्या हाताखाली खेळला आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षक व्हॅन हाल यांच्या पहिल्या संघात नियमित झाला. त्याहून बोलके उदाहरण फिलिप लामचे. बायर्नमध्ये दोन्ही बाजूंना सान्योल आणि जगज्जेता लिझाराझू असे बॅक असल्याने त्याला जागाच नव्हती. २००३ मध्ये त्याला दोन वर्षांसाठी आमच्या श्टुटगार्टला उसना दिला, तो इथे खेळला, इथूनच राष्ट्रीय संघात गेला आणि परतला तो तयार होऊन. इंग्लंडमध्ये हॅरी केनचे चार लोन झाले : लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच, लेस्टर. चारही वेळा ‘याला काही जमणार नाही’ असे म्हणणारे होते.

आपल्याकडेही २०१७-१८ पासून काही हंगाम आयएसएल क्लबांचे राखीव संघ आय-लीगच्या द्वितीय श्रेणीत खेळत होते. नंतर त्यांना वगळले. कारणे असतील, पण हिशेब मुलांच्या बाजूने मांडला तर तो निर्णय मला समजलेला नाही.

कडू_कारले

सगळ्यांनी यशस्वी झालेल्यांचीच नावे लिहिली आहेत. लिस्टन, लाम, केन. ज्यांचे चार लोन झाले आणि पाचव्या वर्षी जे दुकानात बसले त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत, कारण ती छापून येत नाहीत. माझा धाकटा भाऊ त्यांपैकी एक आहे. एकविसाव्या वर्षी क्लबने करार संपवला तेव्हा त्याच्याकडे बारावीची गुणपत्रिका आणि दुखरा गुडघा एवढेच होते. मामांच्या भावजींचे म्हणणे धुडकावून लावू नये. मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते, सरावाच्या आड येत नाही, आणि सकाळचे सत्र संपल्यावर वसतिगृहात ही मुले दिवसभर काय करतात हे आपण सगळे जाणतो.

शिट्टी_आणि_वही

कडू_कारले, आपले म्हणणे पूर्ण मान्य. पदवी आणि खेळ यांत निवड करायला लावणे हीच मुळात चूक आहे. कराराविषयी दोन गोष्टी राहिल्या होत्या, त्या लिहितो. फिफाच्या नियमांत ‘हंगामातल्या दहा टक्क्यांहून कमी अधिकृत सामन्यांत खेळवले’ या कारणाने करार सोडण्याची तरतूद आहे आणि पालक बरेचदा ती घेऊन माझ्याकडे येतात. पण ती ‘प्रस्थापित’ व्यावसायिकासाठी आहे, अजून घडत असलेल्या खेळाडूला तिचा आधार घेणे कठीण. तेव्हा भांडणापेक्षा लोनची मागणी हाच व्यवहार्य रस्ता आहे. आणि लोन मागताना ‘कुठे’ याआधी ‘त्या प्रशिक्षकाला हा कोणत्या जागी हवा आहे’ हे विचारा. बसायचेच असेल तर आहे तिथे निदान फिजिओ चांगला असेल.

तालमीचा_बॅक

मामा, मी कोल्हापूरचा, सोळा वर्षे शाहू स्टेडियमवर बॅक म्हणून खेळलो आहे. वर श्टुटगार्टच्या त्या बॅकचे वर्णन वाचून मला माझेच वर्णन वाचल्यासारखे वाटले. आमच्याकडे अकादमीतून सुट्टीला आलेली पोरे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा संघांच्या सरावाला येतात तेव्हा पहिले दोन दिवस त्यांचा खेळ पाहत राहावे इतका देखणा असतो. तिसऱ्या दिवशी सामना लावला की चेंडू त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण मागायचा कसा हेच माहीत नसते. अकादमीत चेंडू आपोआप येतो, कारण सगळ्यांना तसे शिकवलेले असते. इथे ओरडून, हात करून, कधी रागावून मागावा लागतो. एकदा असाच एक पोरगा मध्यंतरात माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, तुम्ही मला पास का देत नाही?” मी त्याला विचारले, “माझे नाव काय?” त्याला माहीत नव्हते. उत्तरार्धात माझे नाव घेऊन त्याने तीनदा चेंडू मागितला आणि तिन्ही वेळा मी दिला. आपल्या भाच्याला वरिष्ठ संघातल्या किती जणांशी बोलता येते, हे एकदा विचारून पाहा. परदेशी खेळाडू आणि मोठी नावे पाहून पोरे दबतात, आणि दबलेल्या पोराला रोंडोत सगळे जण मधेच ठेवतात.

मात्र एक सावधगिरीची सूचना : करार असताना त्याने कोणाच्या आग्रहाखातर इथे किंवा कुठेही साखळी सामन्यात उतरू नये. नोंदणी एका क्लबकडे असताना दुसऱ्याकडून अधिकृत सामना खेळणे अंगलट येते. शिवाय एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी आणि त्यांपैकी दोघांकडूनच अधिकृत सामने, असा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा लोन घेताना ही संधी विचारपूर्वक वापरावी. सुट्टीत सरावाला मात्र खुशाल पाठवा. राहायला माझे घर आहे.

मिरजेचा_मामा

सर्वांचे मनापासून आभार. वाचून झाल्यावर काल रात्री भाच्याला फोन केला. प्रथम जुने छायाचित्र काढले होते : पंधरा वर्षांखालील संघात तो मागच्या रांगेत, सर्वांत उंच. आज तो वरिष्ठ संघात मध्यम उंचीचा आहे. शिट्टी_आणि_वही यांनी लिहिलेले मला पटले, पण त्याला ते कसे सांगावे हे अजून सुचलेले नाही.

जुलैपासून एकूण किती मिनिटे खेळलास, असे विचारल्यावर तो गप्प झाला आणि मग वहीत पाहून म्हणाला, “युवा संघाकडून एकशे चौदा.” म्हणजे त्याने मोजून ठेवली होती. संघातल्या किती जणांशी बोलतोस, यावर उत्तर आले, “गोलकीपरच्या सरांशी बोलतो थोडे.” ‘दहा नंबर’ सोडून बाजूला खेळशील का, असे विचारले तेव्हा म्हणाला की उजव्या बॅकच्या जागी सरावात दोनदा उभे केले होते, पण त्याला ती शिक्षा वाटली होती.

पुढच्या सोमवारी ताई आणि मी क्लबच्या कार्यालयात जाणार आहोत. जानेवारीत लोन मिळेल का आणि तिथल्या प्रशिक्षकाला तो कोणत्या जागी हवा आहे, एवढेच विचारायचे ठरवले आहे. भावजींनी मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला आहे, त्याला ताईने या वेळी हरकत घेतली नाही. तालमीचा_बॅक, त्याला ख्रिसमसच्या सुट्टीत पाच दिवस मोकळे आहेत. आपला क्रमांक मला व्यक्तिगत निरोपातून कळवावा, आणि त्याला आपले नाव आधी सांगू नये अशी विनंती.